बर्थ नंबर चार

संध्याकाळी रिक्षातून उतरून मी सोसायटीच्या गेटात पाऊल टाकलं की पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून आवाज येतो, "ईटीए सातचा होता. सात एकोणीस झाले. कारण?"

मी दमलेली असते. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात मेथीची जुडी, खांद्याला डब्याची पिशवी. घरचा माझा सख्खा नवरा कधी विचारत नाही की बाई, उशीर का झाला, आणि हे पेडणेकर काका रोज विचारतात. सुरुवातीला मी जाम चिडायचे. एकदा तोंडावर म्हटलं, "काका, तुम्हाला काय करायचंय?" तर ते शांतपणे म्हणाले, "मला काही करायचं नाही. फळ्यावर लिहायचंय." शेवटी मीच शहाणी झाले. आता मान वर न करता ओरडते, "एस. व्ही. रोडला खोदलंय!" वरून "नोटेड" असं उत्तर येतं आणि मी लिफ्टकडे वळते.

ईटीए म्हणजे जहाज बंदरात पोचायची अपेक्षित वेळ. पेडणेकर काका मूळचे मालवणचे. मुंबईच्या गोदीत अडतीस वर्षं एका शिपिंग एजन्सीचे बोर्डिंग क्लार्क होते. म्हणजे काय, हे त्यांना विचारायचं नसतं, कारण मग जेवणाची वेळ टळते. मी थोडक्यात सांगते. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून थांबलं की त्याचे कागद घेऊन लाँचने त्याच्यापर्यंत जायचं, शिडीने वर चढायचं, कस्टम, इमिग्रेशन, हेल्थ सगळ्यांची कागदपत्रं जुळवायची, आणि जहाज परत निघायचं झालं की त्याला बंदराचं क्लिअरन्स आणून द्यायचं. "जहाज आलं की पहिला चढणारा मी," काका सांगतात, "आणि निघताना शेवटचा उतरणारा पण मीच. कॅप्टन ग्रीक असो नाहीतर कोरियन, माझा कागद हातात पडल्याशिवाय तो जागचा हलत नाही."

रिटायर झाल्यावर गोदी सुटली, पण काकांची सवय सुटली नाही. त्यांनी बोरीवली पश्चिमेच्या आमच्या बावीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचंच बंदर करून टाकलं. लिफ्टला ते लॉकगेट, म्हणजे गोदीचं दार, म्हणतात. वॉचमन दुबे हे सिग्नल स्टेशन. मी सोसायटीची सेक्रेटरी, कारण दुसरं कोणी तयार होत नाही, म्हणून मी पोर्ट अथॉरिटी. "पोर्ट अथॉरिटी, टाकीचं पाणी आज घाण आलंय," असं ते चारचौघांत म्हणतात आणि नवीन भाडेकरू माझ्याकडे घाबरून बघतात.

खाली लेटरबॉक्सच्या शेजारी त्यांचा फळा आहे. वेसल, कुठून, ईटीए, प्रत्यक्ष, उशीर, असे पाच रकाने. वेसल म्हणजे जहाज, म्हणजे आम्ही. सकाळी बाहेर पडताना परतायची वेळ दुबेला सांगून जायची, आणि नाही सांगितली तर काका तुमच्या जुन्या नोंदी बघून स्वतःच टाकतात. उशिराचा रकाना ते मिनिटांत भरतात. एका मिनिटाची सूट नाही. माझा नवरा सुहास एकदा खूप गयावया करत होता, "काका, दोनच मिनिटं हो, लिफ्ट वर अडकली होती," तर म्हणाले, "लॉकगेट बंद होतं असं शेऱ्यात लिहितो. पण उशीर तो उशीर."

वैताग येतो हो. पण दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी आजींना एकदा देवळातून परतायला चाळीस मिनिटं उशीर झाला, तेव्हा बाकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. काका चप्पल घालून बाहेर पडले. रिक्षास्टँडच्या कट्ट्यावर आजी बसलेल्या सापडल्या, आपलं घर कुठल्या गल्लीत हेच आठवत नव्हतं त्यांना. काकांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि फळ्यावर लिहिलं, 'उशीर एक तास पाच मिनिटं. पायलट द्यावा लागला.' पायलट म्हणजे जहाजाला वाट दाखवत बंदरात आणणारा. त्या दिवसापासून फळ्याबद्दल तक्रार करायची कोणाची छाती होत नाही.

त्यांचं पिवळं फडकं तर गाजलेलं. बाहेरगावाहून पाहुणा आला की काका गेटला पिवळं फडकं बांधायचे. परदेशातून आलेलं जहाज असंच पिवळं निशाण लावतं, म्हणजे 'माझ्यावर कोणी आजारी नाही, मला आत घ्या'. हेल्थ ऑफिसरने होकार दिला की निशाण उतरायचं. आमच्याकडे हेल्थ ऑफिसर काकाच. सुहासची मावशी कणकवलीहून बसने आली, तिला गेटवर उभी करून विचारलं, "ताप? खोकला? बसमध्ये कोणी ओकलं?" मावशी जी भडकली! पण मग करोना आला आणि अख्खी दुनिया एकमेकांना गेटवर उभं करून हेच विचारायला लागली. काका बाल्कनीत उभे राहून म्हणायचे, "मी काय सांगत होतो?" त्या दिवसांत त्यांच्याइतका समाधानी माणूस बोरीवलीत नसेल.

येणाऱ्यापेक्षा जाणाऱ्यावर त्यांचा डोळा जास्त. सुहास इंदोरला निघाला की गेटवर काका हजर. "चावी? चार्जर? बीपीची गोळी? घरात सांगितलंत?" सगळ्याला हो म्हटलं की हात वर करून मोठ्याने म्हणणार, "क्लिअर्ड!" तोपर्यंत रिक्षावाल्याने मीटर टाकायचा नाही.

शहाभाईंच्या मुलीची पाठवणी झाली तेव्हाची गोष्ट सांगते. फुलांनी सजवलेली गाडी गेटमध्ये चालू, नवरीचं रडून झालेलं, बायका दमलेल्या. आणि शहाभाईंचा पत्ता नाही. ते लिफ्टच्या मागे मीटरबॉक्सजवळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. काकांनी गाडीसमोर जाऊन दोन्ही हात आडवे केले. नवरदेवाचे काका गुजरातीत कायकाय बोलले, हे हलले नाहीत. मग शहाभाईंचा दंड धरून त्यांना ओढत बाहेर आणलं. "शहाभाई, क्लिअरन्स द्या पोरीला. तोंडाने द्या. मागच्या बंदराचं क्लिअरन्स नसेल तर पुढचं बंदर जहाजाला धड उभं करत नाही." शहाभाईंनी कसंबसं म्हटलं, "जा बेटा, सुखी रहे." काका म्हणाले, "ऐकू नाही आलं." तीनदा म्हणायला लावलं त्यांनी त्या माणसाला. मग बाजूला झाले, पण 'क्लिअर्ड' म्हणाले नाहीत. तसेच जिना चढून वर गेले.

आम्ही हसलो होतो तेव्हा. काकांना स्वतःची एक मुलगी आहे, वैशाली, आईवेगळी वाढवलेली, लग्न करून गेली ती परत आली नाही, एवढं मला जोशी आजींकडून कळलं होतं. "तो विषय त्याच्यासमोर काढू नकोस गं," असंही त्या म्हणाल्या होत्या. मी नऊ वर्षांपूर्वी इथे राहायला आले, म्हणजे हे माझ्या आधीचं. मी काढला नाही विषय. कोणाच्या घरात कशाला डोकवा?

आता पार्किंगची भानगड. सोसायटीत गाड्या वीस आणि जागा चौदा. बाकीच्या रस्त्यावर उभ्या असतात. आणि या चौदांपैकी चार नंबरची जागा पेडणेकर काकांची, ज्यांच्याकडे गाडी नाही. सायकलसुद्धा नाही. तरी दर रविवारी सकाळी बादली आणि खराटा घेऊन ते ती जागा धुणार. दिवाळीत तिचे पिवळे पट्टे नवे रंगवणार. चार कोपऱ्यांना तुळशीच्या चार कुंड्या. कुरिअरवाल्याने दोन मिनिटं बाईक लावली तर बाल्कनीतून, "ए भाई, बर्थ फोर रिझर्व्ह आहे!" बर्थ म्हणजे जहाज धक्क्याला लागतं ती जागा. फळ्यावरची सगळ्यात वरची ओळ खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिलेली: 'वेसल: व्ही. पी. सध्या: अँकरेज. ईटीए: नोटिशीची वाट.' आम्हाला वाटायचं, काकांचं एखादं लाडकं जुनं जहाज असेल. मंदच आम्ही.

तिसऱ्या मजल्यावरच्या निखिलने नवी मोठी गाडी घेतली आणि प्रकरण पेटलं. रस्त्यावर ठेवलेल्या त्या गाडीला पहिल्याच आठवड्यात दोन स्क्रॅच पडले. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून जनरल बॉडीची मीटिंग झाली, त्यात तो उभाच राहिला.

"काका, राग मानू नका, पण गाडी कुठेय तुमची?"

"अँकरेजला."

"म्हणजे कुठे?"

"बाहेर थांबलीय."

"येणार कधी?"

"नोटीस आली की. आधी जहाज नोटीस देतं, मग बंदर बर्थ देतं. बंदर स्वतःहून जहाजाला हाका मारत नाही."

"यार काका!" निखिल खुर्चीत बसला. "ताई, तुम्हीच बोला आता."

ताई म्हणजे मी. काय बोलणार? निखिलचं काही चुकत नव्हतं. ठराव झाला: जागेच्या मालकाने पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तिथे घरचं वाहन उभं करावं, नाहीतर जागा वेटिंग लिस्टला जाईल. कोणीही विरोध केला नाही. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "दिवस कधीपासून मोजायचे? पत्र हातात पडल्यापासून ना?"

मी म्हटलं, "हो."

"नोटेड."

आणि दुसऱ्या दिवसापासून काका गायब. बेल वाजवली तर दार उघडेनात. आत रेडिओ चालू, कुकरची शिट्टी होतेय, पण माणूस नाही. जहाजाच्या धंद्यात घड्याळ सुरू होतं ते नोटीस हातात दिल्यावर, आणि हा माणूस अडतीस वर्षं तेच खेळत आलेला. मी पत्र घेऊन जिना चढले की ते मागच्या जिन्याने उतरत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हा लपंडाव बघून दुबे हसून हसून बेजार. मी मात्र एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी गेटात शिरायचे आणि वरून कोणी काही विचारायचं नाही. पाच पावलं मी मुद्दाम हळू चालायचे. एकदा तर चक्क चाळीस मिनिटं उशीर झाला होता, आणि या शहरात ते एकालाही कळलं नाही.

शेवटी दुबेच फुटला. "मॅडम, संडे को जगह धो के निकलते हैं ना, तो सीधा गोराई जेट्टी. हर संडे. बारिश हो, कुछ भी हो."

तशी मी रविवारी सोसायटीचं पत्र, पोचपावतीची वही आणि रबरी शिक्का पर्समध्ये टाकून गोराईच्या धक्क्यावर गेले. खाडीला ओहोटी होती. कोळणी टोपल्या मांडून बसल्या होत्या, पलीकडच्या गावात जाणारी होडी माणसं आणि स्कूटर भरून घेत होती. काका सिमेंटच्या बाकावर डायरी उघडून बसले होते. होडी सुटली की वेळ लिहायची, आली की वेळ लिहायची.

मला बघून त्यांनी डायरी मिटली. "पोर्ट अथॉरिटी, इथे तुमची हद्द नाही. इथे दिलेली नोटीस लागू होत नाही."

"काका, पुरे झालं," मी म्हटलं. "आठ दिवस पायाचे तुकडे पाडलेत माझे. ती जागा कोणासाठी धुता तुम्ही?"

ते होडी पलीकडे पोचेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या बाजूला चर्च सुटतं दहाच्या सुमाराला. कधी कधी ती धक्क्यापर्यंत येते. येते म्हणजे, एवढ्या लांबून काय दिसणार? हिरवं काही दिसलं की तीच असेल असं धरायचं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. व्ही. पी. म्हणजे वैशाली पेडणेकर. मला वाटलं होतं ही मुलगी अमेरिकेत वगैरे असेल. ती इथे होती. खाडीच्या पलीकडे, होडीने दहा मिनिटांवर, गोराई गावात.

मग काका बोलले. मी मधे तोंड घातलं नाही, जे माझ्या स्वभावात नाही. बायको गेली तेव्हा वैशाली सातवीत होती. शाळेतून घरी पोचली की ती काकांच्या ऑफिसला फोन करून म्हणायची, "बाबा, वेसल बर्थ झालं." बाहेर जाताना दारात उभी राहून विचारायची, "क्लिअरन्स?" हे "क्लिअर्ड" म्हणाले की मगच चप्पल घालायची. कॉलेजात असताना म्हणाली, मी नोकरी करून गाडी घेणार. काकांनी तेव्हाच पार्किंगची जागा घेऊन ठेवली. तू गाडी आण, बर्थ मी सांभाळतो, म्हणाले. आणि तिने ठरवलं गोराईच्या ग्लेनशी लग्न करायचं. ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा ख्रिश्चन मुलगा, मासेमारीची होडी, थोडी भाजीची शेती.

"माझं म्हणणं धर्माचं नव्हतं," काका म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तेही होतं. पण जास्त म्हणजे, घरात मी एकटा उरणार होतो. ते बोलता आलं नाही, म्हणून धर्माचं बोललो."

ती निघाली त्या सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, क्लिअरन्स?" काका बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि नळ सोडला. बादली भरली, वाहायला लागली, तरी नळ बंद केला नाही, कारण बंद केला असता तर तिचा आवाज आला असता. "कितीतरी वेळ थांबली होती गो ती. माका आतून कळत होता. मग दार ओढल्याचा आवाज इलो." काका हलले की त्यांची मालवणी बाहेर येते, हे मला तेव्हा कळलं. "त्याला अकरा वर्षं झाली. मी वाट बघतोय. एक फोन, एक चिठ्ठी. नोटीस आली की मी बर्थ द्यायला तयार आहे. पण आधी नोटीस जहाजाने द्यायची असते ना?"

मला खरंच रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मी बोललेच. "काका, अडतीस वर्षांत क्लिअरन्सशिवाय किती जहाजं सोडलीत?"

"एकही नाही."

"एक सोडलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शहाभाईंना काय सांगत होतात तुम्ही? मागच्या बंदराचा कागद नसेल तर जहाजाला कोणी उभं करत नाही. मग ती कुठल्या कागदावर परत येणार? बोर्डिंग क्लार्कची मुलगी ती! तिला शिकवलंत तुम्हीच. ती तुमच्या कागदाची वाट बघतेय आणि तुम्ही तिच्या नोटिशीची. अरे, काय चाललंय काय हे?"

होडी अलीकडे आली, रिकामी झाली, परत भरायला लागली. पहिल्यांदाच काकांनी वेळ लिहिली नाही. मग म्हणाले, "पेंडिंग माझ्याकडे होतं. अकरा वर्षं माझ्याच टेबलावर पेंडिंग."

त्यांनी कापडी पिशवीतून फाइल काढली. त्यात कोरे फॉर्म होते, स्वतः आखलेले. मांडीवर फाइल ठेवून ते लिहायला लागले. वेसलचं नाव, कुठून, कुठे. मी म्हटलं, "तारीख ती जुनीच टाका ना." तर माझ्यावर डोळे वटारले, "बॅकडेटेड कागद मी आयुष्यात केला नाही." आजची तारीख घातली. खाली शेऱ्याच्या जागी पेन थांबलं. मग हळूहळू, एकेक अक्षर दाबून लिहिलं: 'विलंबाचं कारण: बंदर.'

सही केली आणि उठले. "शिक्का घरी राहिलाय. घेऊन येतो."

मी ओळखलं, हा माणूस आत्ता घरी गेला तर परत येणार नाही. पर्समधून सोसायटीचा शिक्का काढला आणि दिला ठोकून. पेडणेकर काकांच्या मुलीच्या क्लिअरन्सवर आमच्या सोसायटीचा शिक्का, खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही. काकांनी तो उजेडात धरून तपासला. "थोडा तिरका आलाय," म्हणाले. "चालेल."

मग ते होडीकडे बघत उभे राहिले. मी ढकलणारच होते, पण ते स्वतःच म्हणाले, "जहाज कागद न्यायला येत नाही. क्लार्क लाँचने जातो." आणि अकरा वर्षं ज्या होडीच्या वेळा लिहिल्या तिच्यात पहिल्यांदा पाय टाकला. कागद छातीशी धरला होता. त्यांच्या नावाचं पत्र माझ्या पर्समध्येच राहिलं.

तिकडे काय झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाले, "नोटीस मिळाली."

"आणि?"

"आणि काय? मिळाली." एवढं बोलून आत गेले आणि दार लावून घेतलं. सोमवारी सकाळी फळ्याला टर्पेंटाइनचा वास येत होता. वरची ऑइलपेंटची ओळ खरडून काढलेली, आणि तिथे खडूने: 'वैशाली. कुठून: गोराई. ईटीए: रविवार, अकरा.'

रविवारी पावणेअकरापासून अख्ख्या सोसायटीला खाली कामं निघाली. शहाभाई लेटरबॉक्स उघडून बघत होते, रविवारी पोस्ट येत नाही तरी. निखिल धुतलेली गाडी परत धूत होता. जोशी आजींना खुर्ची टाकली होती. काका पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात, बगलेत फाइल. गेटला पिवळं फडकं. अकरा वाजले. अकरा दहा. काका गेटपासून चार नंबरपर्यंत आणि चार नंबरपासून गेटपर्यंत चालत होते. अकरा वीस झाले तेव्हा त्यांचे ओठ सुकले होते आणि आमच्यापैकी कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

अकरा तेवीसला एक जुनी लाल स्कूटर आली आणि गेटच्या बाहेरच थांबली. तिने आत घेतली नाही. पिवळं फडकं बघून थांबली ती. हेल्मेट काढलं, हिरवा ड्रेस, काकांचंच नाक. मागे नऊएक वर्षांची मुलगी.

काका बाहेर गेले. आवाज घट्ट करून विचारलं, "लास्ट पोर्ट?"

"गोराई."

"आजारी कोणी?"

"नाही बाबा."

"क्रू?"

मागच्या मुलीने खिशातून वहीचा घडी केलेला कागद काढला. "ममा म्हणाली, आधी कागद, मग आत." वर पट्टीने रेघा आखून लिहिलं होतं, क्रू लिस्ट. दोन नावं, आणि खाली, 'पप्पा समुद्रावर आहेत, पुढच्या खेपेला येतील.' काकांनी त्या तीन ओळी वाचायला केवढा वेळ घेतला! मग त्यांनी फडक्याची गाठ सोडायला हात घातला. सुटेना, तर वैशालीने खाली उतरून ती गाठ सोडली.

"बाबा, होडीच उशिरा—"

"पुढे घे, पुढे," काका तिच्याकडे न बघता म्हणाले आणि स्कूटरच्या पुढे चालायला लागले. "डावीकडे. अजून. बास."

एवढ्या मोठ्या चार नंबरात ती एवढीशी स्कूटर कोपऱ्यात उभी राहिली. निखिल माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, बाजूला माझी गाडी आरामात मावेल." मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. "नाही, राहू दे," तो म्हणाला, "जाऊ दे, राहू दे." वहीत मी नोंद केली की जागेच्या मालकाने मुदतीत घरचं वाहन उभं केलं. पत्र फाडून टाकलं.

साडेचारला ती निघाली. हेल्मेट घातलं, मुलगी मागे बसली, पण स्कूटर चालू करेना. काकांकडे बघत राहिली. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. काकांनाही कळलं. त्यांनी फाइल उघडली.

"नेक्स्ट पोर्ट?"

"गोराई."

"त्याच्यानंतर?"

"इथेच बाबा."

काकांनी लिहिलं, सही केली, कागद तिच्या हातात दिला. हात वर केला, पण रोजचा तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. "जा गो," म्हणाले. "जाऊन ये." स्कूटर कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी ते गेटमध्येच उभे होते, आणि आम्ही सगळे वर गेलो तरी एकटेच उभे होते.

संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तेव्हा बाल्कनीतून आवाज आला, "सहाचा ईटीए होता. सहा चार झाले." मी म्हटलं, "लिहा, लिहा." लिफ्टपाशी थांबून फळा बघितला. वरच्या ओळीत वैशाली. ईटीए: अकरा. प्रत्यक्ष: अकरा तेवीस. या बंदरात नऊ वर्षं राहते मी, काकांनी कोणाला एक मिनिट माफ केलेलं पाहिलं नाही. उशिराच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: निरंक.